पायावर पाय

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. कोपरखैरण्याच्या नव्या घरात सोफा आला, तेव्हा इंद्रजितनं आईला हात धरून त्यावर बसवलं. "आये, जन्मभर मार्केटात मिरच्या निवडल्यास. आता पायावर पाय टाकून बस."

राहीबाई साताऱ्याकडच्या. शहरात अशीच बसायची रीत असणार, असं त्या धरून चालल्या. उजवा पाय डाव्यावर चढवून त्या भाजी निवडायच्या, टीव्ही बघायच्या, आल्यागेल्याशी बोलायच्या. बँकेतल्या मॅडमसारखं वाटायचं अगदी!

दिवाळी सरली आणि उजवं पाऊल उचलेना. चालताना चवडा फटफट आपटायचा, चप्पल मागेच राहायची. खालच्या मजल्यावरच्या सितारामभाऊंनी लगेच निदान केलं, "मणक्यातली नस दबलीय. माझ्या साडूची पाठच उघडावी लागली."

राहीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पाठ फाडल्यावर आपण पुन्हा चालणार का?

इंद्रजित आणि सून मोनाली त्यांना वाशीला, नसांच्या डॉक्टर वैजयंतीबाईंकडे घेऊन गेले.

"मावशी, पाठ दुखते? कळ मांडीतून खाली येते?"

"न्हाई वो. निस्ता पाय झोपलाय."

डॉक्टरांनी अंगावर कुठे बधिर चट्टा नाही ना, ते पाहिलं. साखरेचा रिपोर्ट वाचला. मग पाऊल हातात धरलं. "वर उचला." उचललं नाही. "बाहेर ढकला." तेही जमेना. "आता आत ढकला, जोरात!" पाऊल असं आत आलं, की डॉक्टरांचा हातच मागे गेला.

"वा! मणक्यात नस दबली असती, तर बहुतेक हा जोरही गेला असता." त्यांनी गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाशी बोटानं टिचकी मारली.

"आगं आय गं! पार पावलापत्तोर करंट गेला!"

"इथं नस अगदी कातडीखाली असते. मावशी, घरी बसता कशा?"

राहीबाईंनी ऐटीत पाय चढवला. ते हाड नेमकं खालच्या गुडघ्यावर टेकलं.

"इथंच नस दबतेय. हे असं बसायला कुणी शिकवलं?"

"ह्या माझ्या ल्योकानं! म्हनला, पायावर पाय टाकून बस."

इंद्रजितनं कपाळाला हात लावला. "आये, म्हणजे आराम कर म्हणालो गं!"

मोनाली तोंडाला पदर लावून हसत सुटली. "आत्या, तुमी पन ना!"

राहीबाई मात्र हसल्या नाहीत. "आन् आपरेशन?"

"काही नको. वेळेवर आलात. नसेची एक तपासणी करून खात्री करू. पाय चढवायचा नाही, पावलाला आधाराचा पट्टा बांधायचा, व्यायाम करायचा. नस जागी होईल हळूहळू."

तेव्हा कुठे राहीबाई खदखदून हसल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मोनालीनं बिल्डिंगमधल्या बायका बोलावल्या होत्या. राहीबाई उठल्या, लुगडं जरा वर खोचलं आणि दोन्ही चवडे उचलून नुसत्या टाचांवर हॉलभर चालून आल्या.

"बगताय काय? चाला की तुमीबी!"

आणि जरीच्या साड्या सावरत, एकमेकींना धरत, सगळ्या बायका खिदळत टाचांवर चालायला लागल्या.