बाभुळगावची नोंद

दारव्ह्याच्या तहसील कचेरीत श्रावणची ही सातवी खेप, आणि सातव्यांदाही नोंद सापडली नाही. दोन हजार सहा साल. कापसानं जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं, जिनिंग बंद पडून श्रावण घरी बसला होता. वेळच वेळ होता त्याला. पण चपला झिजवायलाही अंगात दम लागतो, आणि तो आता संपत आला होता.

लेकीचा, दीपाचा, नर्सिंगला नंबर लागला होता. जातपडताळणीला तिच्या आजोबांचा, म्हणजे श्रावणच्या वडिलांचा, पन्नास सालाआधीचा कागद हवा होता. सोमवारपर्यंत नाही दिला तर जागा गेली. वडील गोविंदा शाळेची पायरी चढले नव्हते. उरली ती कोतवाल बुकातली जन्माची नोंद. त्यांचा बाप सोमा पैनगंगेपलीकडून पोट भरायला दारव्ह्यात आला, इथंच त्यानं संसार मांडला. मग नोंद दुसरीकडे कुठं असणार?

घरी म्हातारी आत्या, पंचफुलाबाई, तूर निवडत बसली होती.

"नाही भेटली?"

"नाही वं आत्या. बाबा दारव्ह्यात जलमलेच नाही वाटते."

"नाहीच जलमला. पयलं बाळंतपण सासरी कोण करते? माय बाभुळगावले गेलती, तिच्या माहेरी."

"मंग आतापर्यंत काहून नाही सांगतलं?"

"मले कोणी इचारलं? तुमी आपले आज्याचंच गाव धुंडून राह्यले."

श्रावणनं कपाळावर हात मारला. दीपाची आईसुद्धा पहिल्या खेपेला माहेरीच गेली होती. त्याची अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

शुक्रवारी बाभुळगावच्या कारकुनानं बुक उघडलं. बापाचं नाव सोम्या, मुलगा, सन चौतीस. पुढं जातीचा रकाना.

छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर गोविंदांनी त्या जुन्या जातीचं नाव घरात काढायला बंदी केली होती. लहानपणी श्रावणच्या तोंडून एकदा निघालं, तर थोबाडीत बसली होती. आज तोच शब्द दिसला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी दीपानं नक्कल हातात घेतली आणि वाचायला तोंड उघडलं. भिंतीवर गोविंदांचा फोटो होता.

"मनातच वाच बाई," श्रावण म्हणाला.