मिठागरातलं गुलाबी पीस

मित्रांनो, मी एक जुनं पीस आहे. कडा झिजल्या, तरी माझी गुलाबी छटा अजून ओळखू येते. मी ज्याच्या अंगावर वाढलो, तो चित्रबलाक, म्हणजे मोठा रंगीत करकोचा. लांब पिवळी चोच, काठीसारखे पाय. गव्हाणच्या मिठागरात तो ढोपरभर पाण्यात मासे शोधत फिरायचा. एका हिवाळ्यात मी गळून बांधावर पडलो आणि गावातल्या गुणाबाईनं मला उचललं.

मिठात राबणाऱ्यांचे पाय फुटतात. संध्याकाळी माणसं तिच्या ओट्यावर येऊन बसत. गुणाबाई हळद घालून कढवलेलं खोबरेल माझ्या टोकानं त्यांच्या भेगांत सोडायची. भेगा भरत, आणि कौतुक व्हायचं माझं. पिसाला गुण आहे, असं आसपासच्या गावांत बोललं जाई. खरं सांगतो, मलाही ते पटू लागलं होतं.

पुढे मिठागरांवर भराव पडला. गुणाबाईचं बिऱ्हाड सुकापूरला तिसऱ्या मजल्यावर आलं. मी कपाटावरच्या रिकाम्या बाटलीत धूळ खात राहिलो.

यंदा गुणाबाईच्या टाचेला जखम झाली. अंगात साखर, त्यामुळे ती भरेना. पाय जातो की काय, अशी घरात धास्ती. तिच्या लेकाला, बाळूला वाटलं, जुन्या पिसातला गुण संपला, आता ताजं हवं. त्यानं खाडीत जाळं लावलं आणि जिवंत चित्रबलाक गोणीत घालून घरी आणला.

त्याची बायको वेणू म्हणाली, “आईंसाठी एक पीस हवं होतं, तुमी अख्खा पावणा आणलात. चहा ठेवू का?”

बाळूनं पक्ष्याचा पंख ताणून धरला. तेवढ्यात गुणाबाई खाटेवरून बोलली.

“थांब, बाळू. औषध तेलात होतं, पिसात नाय. फुटल्या पायाला बोट लावलं तरी आग होते, म्हनून पीस. ते दुखवत नाय, एवढाच त्याचा गुण.”

बाळूनं पंख सोडला. पक्षी खाडीवर नेऊन मोकळा केला आणि त्याच दुपारी आईला दवाखान्यात नेलं. आणखी उशीर झाला असता तर पाय वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. आता रोज मलमपट्टी होते, जखम भरत आली आहे.

तिथं माझं काही काम नाही. मनाला थोडं लागतं, पण तिचा पाय वाचला.

मित्रांनो, बांधावर गळून पडलेलं पीस खुशाल उचला. अंगावरचं मात्र पाखरालाच राहू द्या. त्याला अजून उडायचं असतं.