वाणाचा डबा

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या बोटाला सुई टोचायची, ही अक्कल कुणाची, हे सुजितला शेवटपर्यंत कळलं नाही. ताईंची असेल, नाहीतर त्या पावडरवाल्या कंपनीची. महापालिकेची निवडणूक जवळ आली की चिखलीच्या मोरेवस्तीत हळदीकुंकवांचं पेवच फुटतं. मागं कुणी वाणात स्टीलचे डबे वाटले होते, कुणी पैठणीची सोडत काढली होती. यंदा भावी नगरसेविका विजयश्रीताईंनी आरोग्य काढलं. ‘भव्य हळदीकुंकू व मोफत शुगर तपासणी’ असा फ्लेक्स चौकात लागला. त्यावर ताई हात जोडून, त्यांचे मालक दिग्विजयभाऊ गॉगल लावून, आणि खाली कोपऱ्यात हिरव्या झाकणाचा, शुगरवरच्या पावडरचा डबा.

सुजित चाकणला गिअरच्या कंपनीत इन्स्पेक्शनला होता. फर्स्ट शिफ्ट करून कंपनीच्या बसमधून उतरला आणि फ्लेक्सकडं बघून थुंकला. सगळे चोर, हे त्याचं पालुपद. टीव्हीवर पुढारी दिसला की चोर, बातम्या देणारे विकलेले, औषध कंपन्या म्हणजे दरोडेखोर. जेवायला बसला की सुरू व्हायचा आणि भाकरी संपली तरी थांबायचा नाही. त्याच्या बायकोनं, स्वप्नालीनं, ऐकणं केव्हाच सोडलं होतं. आई, कौशल्याबाई, मात्र मान हलवत बसायची. ती ऐकते की वर पंखा बघते, हे कुणाला सांगता आलं नसतं.

त्या दिवशी घरात शिरला तर आई भिंतीला टेकून बसलेली. समोर तोच डबा.

“मला शुगर निघाली रं,” ती म्हणाली. “दोनशे ऐंशी.”

“माझी पण निघाली,” स्वयंपाकघरातून स्वप्नाली म्हणाली. “शेजारच्या शालनबाईंची तर तीनशेच्या वर. मंडपातल्या एकूण एक बाईची निघाली.”

“एकूण एक?”

“हो. आजकाल सगळ्यांनाच असते म्हणाले. टेन्शननं.”

सुजित चपला काढता काढता थांबला. “तिथं काय काय झालं, पहिल्यापासून सांग.”

काय होणार होतं? दारात हळदीकुंकू, मनगटाला अत्तर, मग हातावर तिळगूळ. वड्या नव्हत्या, मोकळाच होता, चिकट. तो खात खात उखाणे झाले. मग रांग लावून एका पोरानं बोटं टोचली.

“हात धुतले होते?”

“मंडपात कुठं हात धुणार? पदराला पुसले.”

“अगं, कंपनीत आम्ही गेज पुसल्याशिवाय माप घेत नाही. बोटाला गूळ होता तुमच्या. त्यानं गुळाची शुगर मोजली.”

स्वप्नाली दारात येऊन उभी राहिली. “तुम्हाला सगळंच खोटं वाटतं. मागल्या महिन्यात हवामान खातं पण विकलं गेलंय म्हणत होतात.”

“त्यो डॉक्टर व्हता,” आई म्हणाली. “पांढरा कोट व्हता अंगात.”

“कोट भाड्यानं मिळतो, आई. तो डबा टाकून दे.”

आईनं डबा जवळ ओढला. “टाकू? वाण हाय ते. तुझा बाप गेल्यापास्नं मला एका बाईनं वाण दिलं न्हाई. हळदीकुंकू म्हटलं की मी आपली आतल्या खोलीत. ताईनं हाताला धरून खुर्चीवर बसवलं, म्हणल्या, असलं आता काय पाळायचं न्हाई. कपाळाला बोट लावलं माझ्या. आन् ते मी उकिरड्यावर टाकू व्हय?”

हे ऐकून सुजित जास्तच चिडला. ताईंनी चांगलं केलं होतं, आणि त्याच चांगल्याच्या आडून डबा गळ्यात मारला होता. नुसती लबाडी असती तर त्याला झेपली असती.

डब्यासोबत एक छापील कागद होता. सकाळ-संध्याकाळ जेवणाऐवजी दोन चमचे पावडर पाण्यातून. शिवाय शुगरच्या गोळ्यांचं एक पाकीट, फुकट. आईला गेली काही वर्षं बीपीची गोळी होतीच, महापालिकेच्या दवाखान्यातली. आता तिच्या जोडीला ही आली. भाकरी बंद झाली. स्वप्नालीनं आपला डबा उघडलाच नाही, तसाच माळ्यावर टाकला. सुजित ओरडायचा, आई मान हलवायची, आणि तो कंपनीत गेला की चमचा काढायची. गुरुवारी सुट्टीला दवाखान्यात नेतो म्हणाला, तर गुरुवारी ओव्हरटाइम लागला. थकवा येतोय म्हणून आईनं कागदावरच्या नंबरला फोन केला. तिकडून सांगितलं, शरीर साफ होतंय, पहिल्यांदा असं होतं, सोडू नका.

पुढच्या गुरुवारी सकाळी ती गॅलरीत पाणी भरत होती. बादली भरून वाहायला लागली तरी ती नळ बंद करेना, म्हणून सुजित बाहेर आला. आई घामानं भिजली होती. हात लटपटत होते. त्याच्याकडं बघून तिनं त्याच्या बापाचं नाव घेतलं आणि विचारलं, “बैल सोडलं का?”

त्यानं तिला खाली बसवलं. “पोटात काही नाही हिच्या, वर ती गोळी. स्वप्नाली, साखर-पाणी आण. लवकर.”

तोवर शालनबाई पळत आल्या. “अरे सुजित, शुगरच्या बाईला साखर पाजतोस? मारतोस का तिला?”

स्वप्नाली तांब्या घेऊन उंबऱ्यातच थांबली. “अहो, खरंच असली तर?”

इतकी वर्षं सुजितला सगळं खोटं म्हणायला काहीच लागलं नव्हतं, टीव्ही थोडाच उलटून विचारतो. आज समोर आई होती. खरंच असली तर? त्यानं तांब्या ओढून घेतला. “गिळ, आई. घोट घोट घे.”

थोड्या वेळानं आईनं पदर सावरला आणि म्हणाली, “नळ चालूच हाय की रं.” सुजित ओल्या फरशीवर तसाच बसून राहिला.

रिक्षानं दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात धुवायला लावले, रक्त तपासलं, काय काय खाल्लं ते विचारलं, गोळ्यांचं पाकीट बघून कपाळाला हात लावला. आईला शुगर नव्हती. नसलेल्या शुगरची गोळी, त्यात पोटात अन्न नाही, म्हणून साखर खाली गेली होती. “हे सगळं आजपासून बंद. भाकरी खा. बीपीची गोळी मात्र सोडायची नाही,” त्या म्हणाल्या. बाहेर रांग होती, त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

परत आले तर दारात दिग्विजयभाऊ पुष्पगुच्छ घेऊन उभे. सोबत मोबाइलवर लोकल चॅनेल चालवणारा रणजीत, हातात माइक. शालनबाईंनी बातमी पोचवली असणार.

“माऊली, तब्येत जपा,” भाऊंनी गुच्छ आणि वर आणखी एक डबा आईच्या हातात दिला. “काय लागलं तर हक्कानं सांगा.”

“ही पावडर बंद करा, एवढं लागतंय,” सुजित म्हणाला.

भाऊ हसले. “भावा, आपण फक्त मंडप दिला. तपासणी कंपनीची.” आणि गाडीत बसून गेले.

रणजीतनं माइक पुढं केला. सुजितनं सगळं सांगितलं. तिळगूळ, न धुतलेली बोटं, फुकटच्या गोळ्या, फोनवरचा माणूस. एकही शिवी दिली नाही. रणजीत मान डोलवत होता. “जबरदस्त, दादा. संध्याकाळी लावतो.”

संध्याकाळी तिघं मोबाइलपुढं बसले. आधी ढोल वाजला. मग लाल अक्षरं आली: ‘तिळगूळ ठरला घातक! चिखलीत महिला कोसळली.’ सुजितचा चेहरा दिसला. तो म्हणत होता, “तिळगूळ खाल्ला, म्हणून हे झालं.” पुढचं मागचं सगळं कापलेलं. मग रणजीत गंभीर चेहरा करून म्हणाला, की वस्तीतल्या शेकडो महिलांना साखरेचा विळखा पडला आहे. आणि लगेच जाहिरात. हिरव्या झाकणाचा डबा.

स्वप्नालीनं मोबाइल पालथा ठेवला. “तुमचं खरं होतं,” एवढंच म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच म्हणाली. सुजितला त्याचाही आनंद झाला नाही.

आई उठली. फडताळातून दोन्ही डबे काढले, शुगरच्या गोळ्यांचं पाकीट काढलं, दवाखान्याची कापडी पिशवी काढली, आणि सगळं सुजितच्या मांडीवर ठेवलं.

“घे बाबा. तू म्हणतोस तेच खरं. सगळे चोर.”

पिशवीत बीपीच्या गोळ्या होत्या. सुजितनं त्या बाहेर काढल्या. “ही नाही, आई. ही बीपीची. ही घ्यायची आहे.”

“का म्हणून?”

“सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ना?”

“ती बी पांढऱ्या कोटातलीच की.”

“अगं, तो महापालिकेचा दवाखाना आहे.”

“महापालिका कुणाची? ताटावर बसून रोज कोण सांगतं? मी काय बहिरी हाय?”

म्हणजे ती पंखा बघत नव्हती. सगळं ऐकत होती.

“ही गोळी खरी आहे, आई.”

“कशावरनं?”

सुजितनं तोंड उघडलं. चोरांवर तो तासभर बोलला असता. या एवढ्याशा पांढऱ्या गोळीसाठी त्याच्याकडं एक वाक्य नव्हतं.

“कंपनीचीच हाय का ही बी?” आईनं विचारलं.

“कंपनीचीच असणार. गोळ्या काय झाडाला लागतात?”

“मग?”

त्यानं गोळी पाकिटातून काढली, तळहातावर घेतली आणि तिच्यापुढं धरली. “आई, माझ्यासाठी घे.”

आईनं गोळीकडं पाहिलं. मग त्याच्या हाताकडं.

“आधी हात धुऊन ये,” ती म्हणाली. “मग बघू.”

सुजित उठला आणि मोरीकडं गेला.