राहिलेलं पान

चौतीस वर्षं मी रेडिओवर बोलले आणि निरोपाला दहा मिनिटं मिळाली. कुणाकुणाचे आभार मानायचे त्याची पाच पानं लिहून नेली होती. पाचवं पान सेकंदमामांचं. गोड शेवटी खावं, म्हणून त्यांना मुद्दाम शेवटी ठेवलं. अतिशहाणपणा, दुसरं काय!

मामा आमचे तंत्रज्ञ, निवृत्त होईपर्यंत स्टुडिओच्या काचेपलीकडे बसायचे. नवखी असताना मी बोलण्याच्या भरात बातम्यांची वेळ खाल्ली, तेव्हा त्यांनी बाहेर बोलावून सुनावलं होतं, "वेळ संपली की तोंड मिटायचं. मग वाक्य कितीही सोन्याचं असो." त्यांना मामा बनवणं कुणालाच जमलं नाही. पुढे माझं काही चुकलं की साहेबांसमोर चूक स्वतःवर घ्यायचे आणि नंतर मला एकटीला गाठून सोलून काढायचे. मला बोलायला शिकवलं ते त्यांनीच.

तर, चार पानं वाचून झाली आणि घड्याळात बारा सेकंद उरले. पुढच्या पानासाठी श्वास घेतला होता. तो तसाच सोडला, नमस्कार म्हटलं आणि वेळेवर थांबले. सगळ्यांनी पाठ थोपटली. उद्या मामांच्या घरी जाऊन पान वाचून दाखवू, असं मनाशी ठरवलं. उद्या सत्कार निघाला, परवा भाचीकडे जेवण. कौतुकाचा कंटाळा आला म्हणून मग फोनही बंद करून ठेवला. चौथ्या दिवशी गेले, तर मामा आदल्या सकाळीच गेले होते. वरातीमागून घोडं म्हणतात, ते मीच.

मामींनी मला आत घेतलं. रडून त्यांचा आवाज बसला होता.

"ऐकलं गं त्यांनी तुझं," त्या म्हणाल्या. "संपल्यावर म्हणाले, 'पोरीनं पुढचा श्वास घेतला होता. एक पान राहिलं तिचं. पण थांबली बघ वेळेवर!' इतके खूश होते!"

मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"मग दोन दिवस माझं डोकं खाल्लं. साहेब झाले, निवेदक झाले, वाद्यवाले झाले, मग राहिलं कोण? शेवटी म्हणाले, चहावाल्या मावशीच. त्या बाईला सगळेच विसरतात. तू आलीस की झापणार होते तुला."

मावशी माझ्या पाचही पानांत नव्हत्या. आणि मामांच्या यादीत मामा नव्हते.

"कोण राहिलं होतं गं?"

मी पर्समधून पान काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांना चष्मा सापडेना. म्हणाल्या, तूच वाच. मी ताठ बसले, घसा साफ केला. पहिलाच शब्द 'मामा' होता. तो काही केल्या तोंडातून बाहेर पडेना. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडत राहिलं आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

मामींनी माझा हात धरला.

"सावकाश वाच," त्या म्हणाल्या. "आता वेळ बघायला कोण आहे?"