ऑगस्टाची उजवी बाजू

एल्फेडचा बॉयलर मी दोनदा नापास केला, आणि दुसऱ्या वेळेनंतर तो सहा आठवडे माझ्याशी बोलला नाही. तो माझ्या बहिणीचा, मेनाचा, नवरा. रविवारी चॅपेल सुटलं की आम्ही तिच्याकडेच जेवायला जमतो. त्या सहा आठवड्यांत माझ्या कोपराशी ठेवलेलं मीठसुद्धा त्याने मेनाकडून मागून घेतलं.

वाफेच्या छोट्या रेल्वे-इंजिनांच्या आमच्या क्लबात बॉयलर तपासायचं काम माझ्याकडे आहे. मॉडेल म्हटलं तरी ही इंजिनं कपाटात ठेवायची नसतात. आत खरा कोळसा जळतो, खरी वाफ कोंडते आणि मागच्या डब्यांवर माणसं बसतात. एल्फेडचं इंजिन मूळ इंजिनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरासं लहान, रुळांमधलं अंतर सव्वासात इंच. अशा बॉयलरमध्ये थंड पाणी भरायचं, कामाच्या दुप्पट दाब द्यायचा आणि अर्धा तास नुसतं बघत बसायचं. त्याच्या बॉयलरला भट्टीच्या खालच्या कडेशी टाचणीच्या डोक्याएवढा थेंब यायचा. तो म्हणायचा, हवा दमट आहे. मी थेंब पुसायचो. थेंब परत यायचा.

तिसऱ्या वेळी बॉयलर पास झाला. एल्फेडला इंजिनाच्या कामाला लागून तेव्हा सात वर्षं झाली होती. बस डेपोतली नोकरी संपली त्याच आठवड्यात त्याने हे इंजिन हाती घेतलं होतं. मला वाटलं, आता सुटला.

आमच्या गावावरच्या स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या दगडाच्या, खाणीत ऑगस्टा नावाचं छोटं इंजिन होतं, त्याची ही प्रतिकृती. मूळ इंजिन आमच्या लहानपणीच भंगारात गेलं आणि ते बनवणाऱ्या कारखान्याचे नकाशे कुठल्याशा आगीत जळाले. एल्फेडने चौदा फोटो जमवले होते, पण सगळे डाव्या बाजूचे. ऑगस्टा डोंगराच्या पोटात कोरलेल्या अरुंद पट्टीवर धावायची. एका बाजूला दरीकडची जागा, दुसऱ्या बाजूला कडा. इंजिन वळवायला तिथे जागाच नव्हती, त्यामुळे तिची उजवी बाजू सगळा जन्म दगडाकडे तोंड करून राहिली. फोटो काढणारा तिथे उभा राहणार कुठे?

मग एल्फेडने उजवी बाजू तर्काने केली. त्याच कारखान्याच्या दुसऱ्या एका इंजिनावर पाण्याचा पंप पुढच्या चाकामागे होता, म्हणून याने तिथे बसवला. बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी पाण्याची टाकी असते. तिच्या उजव्या पत्र्यावर त्याने दोनशे सहा रिव्हेट ठोकले. प्रत्येकाचं डोकं लेथवर घडवलेलं. त्यात दोन हिवाळे गेले.

एप्रिलमध्ये त्याने इंजिन गावच्या हॉलमध्ये मांडलं. जूनमध्ये क्लबाचा खुला दिवस होता आणि त्या दिवशी ऑगस्टा पहिल्यांदा वाफेवर धावणार होती. लोक आले, वाकून वाकून बघून गेले. मग मिसेस रोलंड्स आल्या. ऐंशीच्या घरातल्या, हातात काठी. त्यांचे वडील ऑगस्टाचे शेवटचे ड्रायव्हर. डावी बाजू त्यांनी बराच वेळ पाहिली, नावाच्या पाटीवरून बोट फिरवलं. मग पलीकडे गेल्या आणि म्हणाल्या, "ही नाही."

"काय नाही?" एल्फेडने विचारलं.

"ही बाजू. अशी नव्हती."

मग कशी होती, ते मात्र त्यांना सांगता येईना. एल्फेड कागद-पेन्सिल घेऊन चार वेळा त्यांच्या घरी गेला. चारही वेळा त्यांनी वेगळंच चित्र काढलं. पंप कुठे होता विचारलं की त्या एकदा पुढे म्हणायच्या, एकदा मागे, एकदा म्हणाल्या पंप म्हणजे काय ते आधी सांग. घरी येऊन तो मेनावर चिडायचा. आठ वर्षांच्या पोरीने पाहिलेलं, त्याला सत्तरहून जास्त वर्षं झाली, त्यावर कोण विश्वास ठेवणार, म्हणायचा. मेना म्हणाली, "मग जातोस कशाला तिच्याकडे? निदान त्या म्हातारीला चहा तरी निवांत पिऊ दे."

पण एक गोष्ट मिसेस रोलंड्सनी चारही वेळा न चुकता सांगितली होती. पट्टीवर एके जागी कडा पुढे आला होता. तिथून जाताना इंजिनाचं काहीतरी दगडाला घासायचं आणि कर्कश किंचाळी उठायची. वडिलांचा डबा घेऊन जाताना त्या आधीच कान झाकून उभ्या राहायच्या.

मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही दोघे वर गेलो. एल्फेडचा गुडघा दुखत होता आणि वारा माणसाला ढकलत होता. रूळ कधीच उखडून नेलेले. पुढे आलेला तो कडा सापडला, आणि त्यावर ओरखडा होता. दोन बोटं रुंद, हातभर लांब, आतून गुळगुळीत. एल्फेडने त्यात अंगठा घातला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

मग उंची मोजायची वेळ आली, तर मोजणार कुठून? खाली नुसता चुरा. दीड तास उकरल्यावर रुळाखालचा एक स्लेटचा ठोकळा जागच्या जागी सापडला. त्यावरून हिशोब केला. रुळाच्या माथ्यापासून ओरखडा एकोणतीस इंचांवर. म्हणजे मॉडेलवर जवळजवळ नऊ.

एल्फेडला मॉडेलचा इंच न इंच पाठ होता. त्याचा पंप खूप खाली होता. नऊ इंचांवर टाकीच्या पत्र्याची खालची कड येत होती, रिव्हेटसकट. पण रिव्हेटांनी दगड खरवडला असता, आणि हा ओरखडा गुळगुळीत होता, कशातरी गोल वस्तूचा. म्हणजे मूळ टाकीला तिथे खाच होती आणि खाचेतून, वाफेच्याच जोरावर बॉयलरला पाणी देणारा पाइप बाहेर डोकावत होता. पंप नव्हताच.

तो दगडावर बसला. "तुदुर, आपण वर आलोच नसतो तर?"

"तर तू तसंच चालवलं असतंस."

"आणि सुखात असतो."

मी म्हटलं, हे तुला, मला आणि एका म्हातारीलाच ठाऊक आहे. चौथ्या कुणाला कळणार नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी डब्यातलं सँडविच काढून मुकाट खाऊ लागलो.

खुल्या दिवसाला तीन आठवडे उरले होते. त्याने पंप उतरवला, पंधरा-वीस रिव्हेट पोखरून काढले आणि पत्रा कापला. खाचेला नवी कड जोडताना उष्णतेने सबंध पत्र्याला लाट आली. ती ठोकून काढायला गेला तर शेजारी दुसरी आली. मेनाने सांगितलं की त्याने हातोडा बागेत भिरकावला आणि मग अर्धा तास कोबीत शोधत होता. नव्या पाइपसाठी बॉयलरला नवं भोक पाडावं लागलं, त्यात पाइप धरणारं पितळी बुश डाखावं लागलं. आणि बॉयलरला हात लावला की पुन्हा तपासणी, असा नियम.

शुक्रवारी मी पाणी भरून दाब दिला. आठव्या मिनिटाला नव्या बुशच्या कडेशी थेंब आला.

"पुसून टाक," एल्फेड म्हणाला.

मी पुसला. परत आला.

"उद्या खुला दिवस आहे."

"माहीत आहे."

"तू माझा मेहुणा आहेस की सरकार?"

"उद्या हिच्यामागे लोक बसणार आहेत," मी म्हणालो आणि कागदावर सही न करता पेन खिशात ठेवलं. त्याने गॅरेजचं दार माझ्या तोंडावर आपटलं नाही. सावकाश लावलं, ते जास्त लागलं.

शनिवारी ऑगस्टा एका टेबलावर थंड उभी होती, उजव्या बाजूला रंगही नाही, पत्रा लाटालाटांचा. शेजारच्या रुळांवर दुसऱ्यांची इंजिनं शिट्ट्या मारत फिरत होती. एल्फेड खुर्चीत हाताची घडी घालून बसला होता. कुणी विचारलं की ही चालत नाही का, तर म्हणायचा, माझ्या मेहुण्याला विचारा.

दुपारी मिसेस रोलंड्स आल्या. थेट उजव्या बाजूला गेल्या. पाइपवर हात ठेवला.

"हा असाच होता," त्या म्हणाल्या. "पण उघडा नसायचा. बाबांनी त्याला पोतं गुंडाळलं होतं, हात भाजू नये म्हणून. वरून तारेने आवळलेलं. दगडाला घासून फाटलं की रविवारी नवं बांधायचे."

एल्फेड उठून उभा राहिला. "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू पाइपबद्दल विचारलंस कुठे? तू सारखा पंप, पंप करत होतास."

मेनाने दोघांच्या हातात बारा ब्रिथची, मनुका घातलेल्या गोड पावाची, एकेक फोड दिली आणि एल्फेड ती उभ्या उभ्याच खात राहिला.

ऑगस्टमध्ये दाब दिल्यावर बॉयलर अर्धा तास बाहेरून कोरडा राहिला. मी सही केली. सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, क्लब रिकामा असताना, ऑगस्टा धावली. पहिल्या फेरीत बॉयलरने पाणी घेतलंच नाही. पाण्यावाचून बॉयलर तापू नये म्हणून एल्फेडने उतरून घाईघाईने आग ओढून बाहेर काढली आणि तोंडातून चॅपेलमध्ये न चालणारे शब्द काढले. झडप साफ करून, पुन्हा आग पेटवून दोन तासांनी निघाली, तेव्हा मात्र व्यवस्थित चालली. मिसेस रोलंड्स मागच्या डब्यावर बसल्या, काठी मांडीवर आडवी धरून. तीन फेऱ्या झाल्या. उतरताना त्यांनी एल्फेडचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला आणि आता घरी सोड, गारठा वाढतोय, म्हणाल्या.

त्यांना सोडून तो परत आल्यावर मी विचारलं, आता तरी बरं वाटतंय ना?

"उन्हात पत्र्याची लाट दिसते," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने टाकी उतरवली. आज पाच महिने झाले. नवा पत्रा आणलाय, पण तो अजून भिंतीला टेकून उभा आहे आणि टाकीवाचून ऑगस्टा गॅरेजमध्ये उघड्या पाठीने बसली आहे. क्लबवाले मला विचारतात, ऑगस्टा येत्या जूनला येणार का? मी त्यांना सांगतो, त्यालाच विचारा. रविवारी मी तो विषय काढत नाही. मेनाने तसं सांगून ठेवलंय.