मतदानाला ठेवलेली गाडी

आमच्या घरात लोकशाही आहे, असं माझे सासरे आल्यागेल्याला अभिमानाने सांगतात. ते मुख्याध्यापक होते. निवृत्त झाले, पण सभा भरवायची खोड गेली नाही. काही मोठं ठरवायचं असलं की रविवारी जेवणं झाल्यावर टेबल पुसायचं, पर्याय मांडायचे आणि हात वर करायचे. मतं तिघांची: माझ्या नवऱ्याचं, वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या नणंदेचं आणि माझं. सासरे अध्यक्ष, ते मत देत नाहीत, निकाल सांगतात. आमचा फ्रिज असाच आला आणि बाल्कनीचा तो भयंकर पिवळा रंगही असाच आला. रंगाच्या मी विरोधात होते, पण ते असो.

या खेपेला विषय गाडीचा होता. माझा नवरा घरांचा दलाल. गिऱ्हाईक घर नंतर बघतं, आधी दलालाची गाडी बघतं, हे त्याने मनाशी पक्कं केलेलं. एक वापरलेली, काळीभोर, उंच, आलिशान एसयूव्ही त्याने हेरली होती आणि त्या उत्साहात स्वतःची जुनी गाडी विकूनही टाकली होती. त्या पैशात भागेना, ही गोष्ट वेगळी. तेव्हापासून तो माझ्याच छोट्या गाडीतून फिरत होता आणि वर तिला डबडी म्हणत होता.

प्रश्न असा ठरला होता, की एसयूव्ही लीजवर घ्यायची की सरळ विकत. लीज म्हणजे दरमहा भाडं भरायचं, काही वर्षं मिरवायची आणि परत करायची. विकत म्हणजे कर्ज काढायचं. मग गाडी आपली आणि तिची दुखणीही आपली. भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, असं हा माणूस रोज गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगतो. तोच आता लीजसाठी हटून बसला. आणि मालकी म्हणजे डोक्याला ताप असं म्हणत जन्म भाड्याच्या घरात काढलेली माझी नणंद म्हणे विकतच घ्या. बहीण-भावाचं एकमत कधी झालेलं मी पाहिलेलं नाही.

म्हणजे निकाल माझ्या मतावर येऊन थांबला, आणि काय सांगू, माझे लाड सुरू झाले. नवरा न सांगता कप विसळू लागला. मी मागच्या खोलीत दात बनवते. डॉक्टर लोक तोंडाचे ठसे पाठवतात, मी कवळ्या तयार करून पोचवते. त्या खोलीत प्लास्टरचा वास येतो म्हणून नणंद कधी फिरकत नसे. ती आता स्टूल ओढून बसू लागली आणि माझ्या हाताचं कौतुक करू लागली. दोघं आळीपाळीने मला समजावत. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं या घरात आहे, पण माझ्या मतासाठी कोणी एवढं झुरलं नव्हतं.

नवऱ्याने मला गाडी दाखवायलाही नेलं. विक्रेत्याने दार उघडून धरलं आणि म्हणाला, अशा गाडीत साहेब लोक मागेच बसतात. नवरा लगेच मागे जाऊन बसला, पाय लांब केले, काचेतून बाहेर असं बघितलं की जणू रस्ताही त्याचाच. मी हसले. लीजला मत द्यावं असं तेव्हा माझ्या मनात येत होतं. निदान परत तरी करता येते.

शुक्रवारी एका कवळीला मेण लावत होते, तेव्हा त्या विक्रेत्याचा फोन आला. नवरा उचलत नव्हता म्हणून मला केला.

"मॅडम, तुमच्या छोट्या गाडीचे फोटो मिळाले. डाव्या दाराचा पोचा जुना आहे का? किंमत धरायची आहे म्हणून विचारतो."

मी विचारलं, कसली किंमत? तो बिचारा गोंधळला. मग त्याने सगळं सांगितलं. लीज घेतली तर अनामत म्हणून माझी गाडी जाणार होती. विकत घेतली तर पहिला हप्ता म्हणून माझी गाडी जाणार होती. एवढ्या एका गोष्टीवर बहीण-भावाचं एकमत होतं. मी आत काम करत असताना खाली जाऊन गाडीचे फोटोही काढून झाले होते.

माझं डोकंच सणकलं. ती गाडी मी दात विकून घेतली आहे. नवऱ्याचा एक पैसा तिच्यात नाही. दवाखान्यांमागच्या ज्या गल्ल्यांमधून मी जाते, तिथे ती काळी धिप्पाड गाडी शिरणारसुद्धा नाही. मी पुढच्या सीटवर कवळ्यांचा डबा ठेवते, त्याला पट्टा बांधते आणि कोणाला न विचारता निघते. कोणाला न विचारता. हे त्यांनी विकायला काढलं होतं, आणि वरून मला विचारत होते की बाई, कुठल्या पद्धतीने विकू?

नवऱ्याला जाब विचारला तर त्याला कळेचना मी का चिडले.

"अगं, घरात दोन गाड्या हव्यात कशाला?" तो म्हणाला. "तुला जिथे जायचं असेल तिथे मी सोडत जाईन की."

नणंद म्हणाली, तिला वाटलं मला ठाऊक आहे. कोणी सांगितलं असेल असं वाटलं, हे मी विचारलं तर ती जिना चढून वर निघून गेली.

रविवारी टेबल पुसलं गेलं. सासऱ्यांनी घसा साफ करून दोन पर्याय वाचले. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, आधी माझा ठराव घ्या: माझी गाडी विकायची नाही. सासऱ्यांना हे आवडलं. नवा ठराव आला की त्यांना शाळा आठवते. त्यांनी मतं मागितली. बाजूने माझा एक हात. विरोधात नवऱ्याचा हात वर गेला, आणि मग, टेबलाकडे बघत, नणंदेचा.

"दोन विरुद्ध एक," सासरे म्हणाले. "ठराव नामंजूर."

सासऱ्यांची कवळी मी बनवली आहे. तीनदा घासून, त्यांच्या हिरडीला टोचू नये म्हणून. माझ्याच हातच्या दातांनी त्यांनी हा निकाल दिला, आणि त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

"बाबा, निकाल मान्य," मी म्हटलं. "पण गाडी माझ्या नावावर आहे, आणि मी सही करणार नाही."

मग कोण गोंधळ. नियम म्हणजे नियम, असं सासरे पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. नणंदेच्या मते मी घराची पद्धत मोडली. नवरा म्हणाला, त्याचा धंदा बुडवायचा मी विडा उचलला आहे. मी टेबलावरची माझ्या गाडीची किल्ली उचलून कमरेला खोचली आणि उरलेले कप विसळायला गेले, कारण ते आता कोणी विसळणार नव्हतं.

सोमवारी सकाळी मी डबा घेऊन खाली उतरले. नवरा गाडीपाशी उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. गिऱ्हाईक घर बघायला येऊन थांबलं होतं आणि वेळेवर पोचायला त्याला दुसरं काही मिळालं नव्हतं. सोडतेस का, असं त्याने विचारलं. कालपासूनचं हे त्याचं पहिलं वाक्य. सवयीने त्याने पुढचं दार उघडलं.

मी डबा त्या सीटवर ठेवला आणि पट्टा ओढून लावला.

"मागे बस," मी म्हटलं. "पुढे दात आहेत."