धाकट्या डहाणूपर्यंत पोहत

शांतारामरावांनी सारी नोकरी पाणीपुरवठा खात्यात काढली, पण पाण्याशी त्यांचा संबंध फायलीपुरताच राहिला. त्यांना पोहता येत नव्हतं.

घरात मात्र वेगळीच समजूत होती. लहानपणी मे महिन्यात ते डहाणूला मावशीकडे राहायला जात. तेव्हा एकदा पारनाक्याच्या किनाऱ्यावरून निघून, खाडीचं तोंड ओलांडून, ते थेट धाकट्या डहाणूपर्यंत पोहत गेले होते आणि तिथल्या होड्यांवरच्या मंडळींनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं, अशी ती समजूत. ती त्यांनीच रुजवली होती. त्यांचा मुलगा अनिकेत लहान असताना डोक्यावरून तांब्या ओतला की भोकाड पसरायचा. त्याला धीर यावा म्हणून ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली गेली. धीर काही येईना, म्हणून ती पुन्हा पुन्हा सांगितली गेली. दर खेपेला खाडी थोडी रुंद होत गेली. चहा पुष्कळ मागाहून आला.

साहजिकच, डहाणूसारखी जागा जगात नाही असं सांगायचं आणि तिथे कुणाला न्यायचं नाही, हे धोरण त्यांनी नेटाने सांभाळलं. कधी उकाडा आडवा आला, कधी गुडघा, कधी निवडणूक. पण या मे महिन्यात अनिकेतने कुणाला न विचारता किनाऱ्यालगतच्या एका चिकूच्या वाडीत दोन खोल्या ठरवल्या.

"बाबा, तुमच्या लहानपणीची जागा पूर्वीला बघू दे की," तो म्हणाला. "आणि या वेळी आपण दोघं पोहायला जाऊ. बरोबर."

त्याची दहा वर्षांची मुलगी पूर्वी म्हणाली, "आबा, मी व्हिडिओ काढणार. शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय."

शांतारामरावांना त्या रात्री झोप लागली नाही. नातीपुढे खोटं पडणं एक वेळ परवडलं असतं. पण अनिकेतला ते जन्मभर ऐकवत आले होते, 'तुझ्या वयाचा होतो तेव्हा मी खाडी ओलांडली.' त्या वाक्याच्या जोरावर त्यांनी त्याला सायकलवर बसवलं होतं, गणिताच्या पेपरला धाडलं होतं, एकदा तर दात काढायला नेलं होतं. ते वाक्य गेलं, तर मागचं सगळं बापपण फेरतपासणीला येणार होतं.

आणि मग त्यांना मावशीच्या यजमानांचा हिशेब आठवला. डहाणूला समुद्र ओहोटीला इतका लांब जातो की तो आहे की नाही अशी शंका यावी. आणि तो कधी जातो हे कळायला यंत्र लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की वेळ निघते. शांतारामरावांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. शनिवारी अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. शनिवारी संध्याकाळी सहाला किनाऱ्यावर नुसता चिखल असणार. आपण कपडे काढून उभं राहायचं, लांब बघायचं, उसासा टाकायचा आणि म्हणायचं, 'आमच्या वेळी समुद्र असा नव्हता.' रविवारी सकाळी परतीची गाडी. झालं.

"शनिवारी सहाला पोहायला जायचं," त्यांनी जाहीर केलं. "आधी नाही, नंतर नाही. समुद्राचं एक शास्त्र असतं."

अनिकेत मोबाइलमध्ये काहीतरी बघत होता. त्याचा चेहरा उतरला. "सहालाच?" त्याने विचारलं.

"सहालाच."

शनिवारी वाडीच्या मालकीणबाई दक्षाबेनांनी चहा पाजून सगळ्यांना रवाना केलं. सुरूच्या झाडांतून शांतारामराव पुढे, खांद्यावर पंचा, चाल सेनापतीची. झाडं संपली आणि ते थांबले.

समुद्र पार वर, झाडांजवळ आला होता. शांत, भरलेला, वाट बघत असल्यासारखा.

ते उभ्या उभ्या मनात हिशेब पुन्हा मांडू लागले. पाऊणपट बरोबर होती. तिथी बरोबर होती. फक्त त्या हिशेबाने भरतीची वेळ निघते, ओहोटीची नव्हे, एवढंच साठ वर्षांत निसटलं होतं.

"वा," अहिल्याबाई म्हणाल्या. "अगदी वेळेवर आणलंत हो." त्यांनी झाडांखालच्या वाळूत चादर अंथरली, सून नीलमला तिचं एक टोक धरायला सांगितलं आणि ताडगोळ्यांची पिशवी सोडली. नवऱ्याकडे बघण्याचं त्यांनी टाळलं.

पूर्वीने मोबाइल रोखला. "आबा, स्टार्ट."

आता माघार नव्हती. शांतारामराव पाण्यात शिरले. घोटे. पोटऱ्या. गुडघे. कंबरेपर्यंत पाणी लागायला इतकं चालावं लागलं की किनाऱ्यावरची माणसं बोटाएवढी दिसू लागली. आणि तिथे, त्या निकराच्या क्षणी, त्यांच्यातला जुना नोकरदार जागा झाला. कामाचा आवाज आला की काम झालंच असं वरचे लोक धरून चालतात, हा त्याचा अनुभव. त्यांनी गुडघे वाकवले, हनुवटीपर्यंत खाली बसले, पाय वाळूतच ठेवले आणि हात मारू लागले. एक हात, दुसरा हात. खाली बदकासारखे चालत ते पुढे सरकत राहिले. किनाऱ्यावरून टाळ्या ऐकू आल्या.

जरा दम खावा म्हणून त्यांनी मान वळवली, तर बाजूला अनिकेत होता. तोही हात मारत होता. मुलगा मात्र झोकात पोहत होता हो, पाठ ताठ, केस कोरडे. केस कोरडे बघून शांतारामरावांना काहीतरी खटकलं. तेवढ्यात अनिकेत ठेचकाळला.

पोहणारा माणूस ठेचकाळत नाही.

दोघंही थांबले. दोघांच्या माना पाण्यावर, बाकीचं खाली.

"अनिकेत," शांतारामराव हळूच म्हणाले, "तुझे पाय कुठे आहेत?"

"तुमचे कुठे आहेत, बाबा?"

एक लाट आली, दोघांना जरा उचलून तिथेच ठेवून गेली.

"तुला पोहण्याच्या क्लासला घातलं होतं ना रे मी?"

"घातलं होतंत. मी कँटीनमध्ये वडे खायचो. निघताना नळाखाली डोकं भिजवायचो." अनिकेतने हात मारणं चालू ठेवलं होतं, कारण टाळ्या चालू होत्या. "तुम्ही खाडी पोहलेले. तुम्हाला काय सांगणार, की मला छातीपर्यंत पाणी आलं तरी रडू येतं? यंदा म्हटलं, उथळ पाण्यात एकदाचं होऊन जाऊ दे. मग तुम्ही सहा म्हणालात आणि मोबाइलवर बघितलं तर बरोब्बर सहालाच भरती. म्हटलं, म्हातारा खरंच नेतोय धाकट्या डहाणूला."

शांतारामरावांच्या छातीवरून कुणीतरी भरलेला हंडा उचलून घेतला.

"मला वाटलं ओहोटी असेल," ते म्हणाले.

अनिकेत हसला, आणि हसताना जेवढं पाणी तोंडात जायचं तेवढं गेलं. बाप त्याच्या पाठीवर थोपटू लागला. त्यासाठी त्याला उभं राहावं लागलं, आणि उभा राहिल्यावर समुद्र त्याच्या बेंबीपर्यंत आला.

तेवढ्यात पूर्वी आली. चालत आली. मोबाइल आईकडे देऊन, फ्रॉक सावरत, पाणी तिच्या छातीपर्यंत. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"आजी विचारतेय, तुम्ही तिथे बसलात की अजून पोहताय? ताडगोळे संपत आलेत."

"आजीला कसं कळलं?" अनिकेतने विचारलं.

"ती म्हणाली, लहानपणी पोहण्याच्या क्लासवरून तुझी चड्डी कधीच ओली यायची नाही. आणि आबांचं तिला लग्नापासून माहितीये. डहाणूच्या मावशीआजीने सांगितलं होतं."

शांतारामराव पुन्हा हनुवटीपर्यंत खाली बसले. आता पोहण्यासाठी नव्हे, बसायला बरं वाटत होतं म्हणून.

"मग धाकट्या डहाणूला कोण गेलं होतं?" पूर्वीने विचारलं.

"माझा मावसभाऊ. त्यालाही होडीतून नेलं होतं," ते म्हणाले. "मी गच्चीवर मावशीचे पापड राखत होतो. सबंध मे महिना. काठी घेऊन. कावळे टपलेले असायचे."

पूर्वीही खाली बसली. तीन डोकी पाण्यावर शेजारी शेजारी.

"किती कावळे?"

शांतारामरावांनी क्षणभर विचार केला. अनिकेत त्यांच्याकडे बघत होता.

"चाळीसेक तरी," ते म्हणाले. "त्यातला एक तर घारीएवढा होता."